मातीला आकडे देणारा माणूस: कार्ल टर्झागी

परभणीकडच्या आमच्या घराच्या मागच्या भिंतीला एक तडा आहे. मे महिन्यात त्यात बोट जातं, ऑगस्टमध्ये नखही जात नाही. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्याच घराला असा एक तडा असतो. गेल्या वर्षी बाबांनी वर एक मजला चढवायचं काढलं, तेव्हा मी हट्ट धरला की आधी माती तपासून घ्या. मिस्त्री हसला. बाबाही थोडे हसले. मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअर, याला मातीतलं काय कळतंय, असं ते हसणं होतं, आणि ते बरोबरच होतं. मला काही कळत नव्हतं.

शेवटी दोन खड्डे खणले, पोत्यात आणि पाइपमध्ये माती भरून लॅबला गेली आणि बारा-तेरा पानांचा रिपोर्ट आला. लिक्विड लिमिट, प्लास्टिक लिमिट, फ्री स्वेल इंडेक्स, कन्सॉलिडेशन, सेफ बेअरिंग कपॅसिटी. हिशेबाच्या पानावर एका सूत्राशेजारी एक नाव होतं: टर्झागी. कॉलेजात माझा रूममेट सिव्हिलचा होता. परीक्षेच्या आदल्या रात्री तो हेच नाव घेऊन शिव्या द्यायचा, एवढं आठवलं. या वेळी मी नीट वाचत बसलो. जे सापडलं ते इथे लिहितोय, कारण ज्या इमारतीत बसून तुम्ही हे मोबाइलवर वाचताय, तिच्या पायाखाली या माणसाचा हिशेब असण्याची शक्यता बरीच आहे.

कार्ल टर्झागीचा जन्म 2 ऑक्टोबर 1883 चा, प्रागमधला. तेव्हा प्राग ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं. वडील लष्करी अधिकारी. मुलगाही सैन्यातच जाणार असं गृहीत धरून त्याला दहाव्या वर्षी लष्करी निवासी शाळेत टाकलं. त्याचं लक्ष मात्र नकाशांत आणि ताऱ्यांत. पुढे ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात मेकॅनिकल इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला आणि तिथे अभ्यासापेक्षा उपद्व्यापच जास्त केले, इतके की कॉलेजातून काढून टाकायची वेळ आली होती. ती टळली आणि 1904 मध्ये तो चांगल्या गुणांनी पास झाला. मग सक्तीची एक वर्षाची लष्करी सेवा. त्या वर्षात या पठ्ठ्याने काय करावं? भूगर्भशास्त्राचं एक इंग्रजी पुस्तक जर्मनमध्ये आणलं, तेही स्वतःची भर घालून. सेवा संपल्यावर परत कॉलेजात जाऊन भूगर्भशास्त्र आणि रस्ते-रेल्वेबांधणी शिकला. डिग्री मशीनची, जीव दगडमातीत. शाखा चुकली असं वाटणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

पहिली नोकरी व्हिएन्नातल्या एका बांधकाम कंपनीत. क्रोएशियातला जलविद्युत प्रकल्प, मग रशियात सेंट पीटर्सबर्ग. काम करता करता एक गोष्ट त्याला खुपू लागली. लोखंडी तुळई किती वजन पेलेल हे इंजिनिअर कागदावर सांगू शकत होते. ती तुळई ज्या खांबावर आणि तो खांब ज्या मातीवर उभा आहे, ती माती किती पेलेल हे विचारलं की उत्तर अनुभवावर यायचं. म्हणजे अंदाजावर. पूर्णपणे काहीच नव्हतं असं नाही. फ्रान्समध्ये कूलोंने 1776 मध्येच भिंतीवर येणाऱ्या मातीच्या दाबाचं गणित मांडलं होतं. पण ते गणित कोरड्या वाळूसारख्या आदर्श ढिगाला लागू पडायचं. ओल्या चिकणमातीपुढे ते गप्प व्हायचं. धरणं फुटत होती, भिंती कलत होत्या, आणि दरवेळी दोष नशिबाला नाहीतर ठेकेदाराला.

1912 मध्ये त्याने डॉक्टरेट मिळवली आणि थेट अमेरिका गाठली. तिथे पश्चिमेकडे मोठमोठ्या धरणांची कामं चालू होती. त्याचा विचार सरळ होता: प्रत्येक ठिकाणची जमीन कशी आहे ते नोंदवायचं, तिथे बांधकामाचं काय झालं ते नोंदवायचं, मग दोन्ही शेजारी ठेवून नियम काढायचे. आजच्या भाषेत, डेटा भरपूर गोळा केला की पॅटर्न आपोआप दिसेल. दिसला नाही. 1913 च्या अखेरीला तो निराश होऊन परतला. कारण त्याला नंतर कळलं, आणि मला ते फार पटलं. लोक जमिनीची जी नावं लिहून ठेवत होते, चिकणमाती, वाळू, गाळ, ती इतकी ढोबळ होती की एकाच नावाखाली दगडासारखी कडक माती आणि दह्यासारखी मऊ माती दोन्ही बसायच्या. कॉलमचं नावच चुकीचं असेल तर कितीही रो भरा, त्यातून काय निघणार?

मग पहिलं महायुद्ध. टर्झागी सर्बियाच्या आघाडीवर सैनिकी अभियंत्यांच्या तुकडीचे अधिकारी होते. तिथून विमानतळाच्या कामावर आणि 1916 मध्ये, ग्राझचे त्यांचे जुने प्राध्यापक फोर्शहायमर यांच्यामुळे, इस्तंबूलच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला. युद्ध हरल्यावर ती नोकरी गेली. हरलेल्या देशाचा माणूस, परक्या शहरात, हातात काही नाही. त्याच शहरातल्या रॉबर्ट कॉलेज या अमेरिकन संस्थेने त्यांना शिकवायला घेतलं. आधी फ्रेंचमधून शिकवत होते, आता इंग्रजीतून.

मला या माणसाच्या आयुष्यातला सगळ्यात आवडता भाग हाच आहे, 1918 ते 1925. पस्तिशीत, सगळं संपल्यासारखं असताना, त्यांनी मातीचा प्रश्न मुळापासून परत लिहायला घेतला. बांधकामांची जंत्री बंद. आता मातीच हातात घ्यायची आणि तिच्यावर एकेक प्रयोग करायचा. कोणते प्रयोग लागतील याची यादीच त्यांनी करून ठेवली होती. प्रयोगशाळा नव्हतीच. हाताशी मिळेल त्या सामानातून, सिगारच्या खोक्यांसकट, उपकरणं उभी केली.

सुरुवात वाळूने. पेटीत वाळू भरायची, एक बाजू सरकती ठेवायची आणि वाळू त्या बाजूला किती जोराने ढकलते ते मोजायचं. दिसलं असं की भिंत अगदी किंचित पुढे सरकली तरी दाब झपाट्याने कमी होतो, आणि भिंत उलट आत ढकलली तर वाळूचा विरोध कितीतरी वाढतो. म्हणजे वाळूचा दाब हा एकच ठराविक आकडा नाही, भिंत किती हलली त्यावर तो ठरतो. 1919 पासून हे निष्कर्ष इंग्रजीत छापून येऊ लागले आणि बाहेरच्या जगाचं लक्ष इस्तंबूलकडे गेलं.

वाळू त्या मानाने सोपी. तिचे कण मोठे, एकमेकांवर घासतात, आणि त्यांच्यातून पाणी पटकन निघून जातं. समुद्रकाठी ओल्या वाळूवर पाय ठेवला की पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी दिसते, पाहिलंय ना? दाबल्यामुळे कण एकमेकांवर चढून थोडे पसरतात, मधली जागा वाढते आणि वरचं पाणी आत ओढलं जातं. लॅबमध्ये वाळू दोन तुकड्यांच्या पेटीत भरून, वरून वजन देऊन, एक अर्धी पेटी सरकवतात. वजन दुप्पट केलं की सरकवायला जोरही साधारण दुप्पट लागतो. त्यावरून वाळूच्या घर्षणाचा कोन निघतो आणि तिची बरीचशी ओळख तिथेच होते.

चिकणमातीचं तसं नाही. तिचे कण डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक, चपटे, आणि त्यांच्यामधल्या वाटा इतक्या अरुंद की पाणी निघता निघत नाही. इथे मला आमच्या आजीचा चक्का आठवतो. दही फडक्यात बांधून टांगलं की पाणी ठिबकत राहतं आणि सकाळपर्यंत चक्का घट्ट होतो. घाईत असलात आणि वर पाटा ठेवलात, तरी लगेच चक्का होत नाही. पाट्याचं वजन आधी आतलं पाणीच झेलतं. पाणी जसजसं बाहेर पडतं तसतसं ते वजन दह्याच्या घट्ट भागावर येतं, आणि तेव्हा तो भाग आवळला जातो.

टर्झागींना चिकणमातीत हेच दिसलं. इमारतीचं वजन मातीवर येतं तेव्हा त्याचे दोन वाटेकरी असतात, मातीचे कण आणि कणांमधलं पाणी. एकूण दाबातून पाण्याचा दाब वजा केला की उरतो तो कणांवरचा दाब. त्याला इफेक्टिव्ह स्ट्रेस म्हणतात. मातीची ताकद, तिचं आकसणं, तिचं खचणं, सगळं या उरलेल्या आकड्यावर ठरतं. वजाबाकी तर चौथीतल्या मुलाला जमेल अशी आहे. पण ती कुठे करायची हे कळायला एवढी शतकं गेली. जोराच्या पावसानंतर दरड का कोसळते? डोंगराचं वजन फार वाढलेलं नसतं. मातीतल्या पाण्याचा दाब वाढतो, वजाबाकी करून उरणारा आकडा घसरतो, आणि कणांची एकमेकांवरची पकड सुटते.

ही गोष्ट मोजण्यासाठी त्यांनी जे उपकरण रूढ केलं त्याला ओडोमीटर म्हणतात (गाडीतलं नव्हे, नाव कानाला सारखं लागतं एवढंच). आपल्याकडे प्रत्येक सिव्हिल कॉलेजच्या लॅबमध्ये ते असतं. एका धातूच्या कड्यात चिकणमातीची चकती बसवायची, साधारण 2 सेंटिमीटर जाडीची. वर आणि खाली सच्छिद्र दगड, म्हणजे पाणी दोन्हीकडून निघेल. वजन ठेवायचं आणि चकती किती दबली ते घड्याळ लावून वाचत राहायचं. मग वजन दुप्पट, परत वाचन, परत दुप्पट. एकेका वजनाला साधारण दिवसभर. रूममेट का वैतागायचा ते आता कळतं.

1923 मध्ये टर्झागींनी या दबण्याचं समीकरण मांडलं. गंमत म्हणजे ते समीकरण उष्णतेचं आहे. तापलेल्या पट्टीतून उष्णता जशी पसरत जाते तसाच मातीतल्या पाण्याचा जादा दाब ओसरत जातो. भौतिकशास्त्रात तयार असलेलं गणित त्यांनी उचललं आणि चिखलाला लावलं. त्यातून निघालेला एक नियम असा की पाण्याला बाहेर पडायला जेवढं अंतर कापायचं असतं, त्याच्या वर्गाच्या पटीत वेळ लागतो.

हिशेब करून बघू. चकती 2 सेंटिमीटरची, पाणी दोन्हीकडून निघतंय, म्हणजे मधल्या पाण्याला 1 सेंटिमीटर जायचंय. जमिनीखाली त्याच मातीचा 10 मीटरचा थर आहे आणि त्याच्या वर-खाली वाळू आहे, म्हणजे मधल्या पाण्याला 5 मीटर जायचंय. अंतर 500 पट, तर वेळ 500 गुणिले 500, अडीच लाख पट. लॅबमध्ये चकतीचं 90 टक्के दबणं 20 मिनिटांत झालं असेल, तर जमिनीत त्याला 50 लाख मिनिटं लागतील. म्हणजे साडेनऊ वर्षं. टेबलावरच्या चकतीत वीस मिनिटं काटा बघून दहा वर्षांनंतरची इमारत किती खचलेली असेल ते सांगायचं! सिम्युलेशन म्हणजे वेगळं काय असतं?

1925 मध्ये व्हिएन्नाहून त्यांचं जर्मन पुस्तक निघालं, एर्डबाउमेकानिक. मातीच्या यांत्रिकीचा जन्म तिथे झाला असं मानतात. त्याच वर्षी अमेरिकेच्या एमआयटीने त्यांना बोलावून घेतलं. तिथे आर्थर कासाग्रांदे नावाचा एक तरुण ऑस्ट्रियन त्यांना येऊन मिळाला. माझ्या रिपोर्टमधल्या पहिल्या दोन आकड्यांचा संबंध याच्याशी आहे. ओली चिकणमाती कधी पातळ म्हणायची आणि कधी मळण्याजोगी, याच्या सीमा स्वीडनच्या आटरबर्ग या रसायनशास्त्रज्ञाने 1911 च्या सुमारास शेतीसाठी ठरवल्या होत्या. टर्झागींना त्या बांधकामासाठीही उपयोगाच्या वाटल्या आणि कासाग्रांदेने मोजणीला शिस्त लावली. पितळेची वाटी, त्यात माती, मधोमध एक चर. वाटी 1 सेंटिमीटर उचलून आपटायची. 25 आपट्यांत चर खाली मिटली तर त्या वेळी मातीत जेवढं पाणी आहे ते लिक्विड लिमिट. प्लास्टिक लिमिटला तर उपकरणही नको. तळहाताने मातीची शेवई वळायची. 3 मिलिमीटर जाड झाल्यावर ती तुटायला लागली की थांबायचं आणि पाणी मोजायचं. पोळीच्या कणकेत पाणी किती हे बोटांना कळतं ना, तेच, फक्त आकड्यात.

1929 मध्ये टर्झागी व्हिएन्नाला प्राध्यापक म्हणून परतले. पुढच्या वर्षी रूथ डॉगेट या अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञ स्त्रीशी लग्न झालं, त्यांचं हे दुसरं. पुढे रूथच त्यांच्या लिखाणाच्या आणि कामाच्या जोडीदार झाल्या. सगळं बरं चाललं होतं.

आता जे सांगतोय ते बऱ्याच लेखांत एका ओळीत उरकतात. व्हिएन्नात त्याच संस्थेत पाउल फिलुंगर नावाचे यांत्रिकीचे प्राध्यापक होते. सच्छिद्र पदार्थ आणि पाणी यावर त्यांनी टर्झागींच्याही आधी, 1913 च्या सुमारास, काम केलं होतं. 1936 च्या अखेरीला त्यांनी स्वतः एक पुस्तिका छापून टर्झागींवर हल्ला चढवला. सिद्धांत चुकीचा आहे एवढ्यावर ते थांबले नाहीत, माणूसही खोटा आहे असा त्यांचा सूर होता. संस्थेने चौकशी समिती नेमली. टर्झागी आणि त्यांचे सहकारी फ्रोलिश यांनी उत्तरादाखल पुस्तिका काढली. समितीचा कल फिलुंगर यांच्या विरोधात जाताना दिसू लागला आणि मार्च 1937 मध्ये फिलुंगर पतीपत्नींनी आत्महत्या केली.

यात टर्झागींचा दोष होता असं मला म्हणायचं नाही. आपल्या कामाची आणि नावाची राखण त्यांनी करायलाच हवी होती. पण दशकांनंतर अभ्यासकांनी फिलुंगर यांचं गणित पुन्हा तपासलं, तेव्हा सच्छिद्र पदार्थांच्या आधुनिक सिद्धांताची बीजं त्यात सापडली. त्यांची आरोपांची भाषा चूक होती, टर्झागींच्या सिद्धांतावरचा निकालही चुकला होता, आणि तरी त्या पानांमध्ये पुढच्या काळाला हवं असलेलं काहीतरी होतं. भांडणाच्या धुराळ्यात ते कुणीच वाचलं नाही. कुणाच्या तरी कोडवर रागाने कॉमेंट लिहिताना मला हल्ली हे आठवतं.

1938 मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि टर्झागी कायमचे अमेरिकेला गेले, हार्वर्डला. तिथे 1936 मध्येच कासाग्रांदेने मातीच्या अभियांत्रिकीची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरवली होती आणि टर्झागी तिचे अध्यक्ष होते. म्हणजे वीस वर्षांपूर्वी जो विषयच नव्हता त्याचं आता संमेलन भरत होतं.

अमेरिकेत त्यांची खरी परीक्षा शिकागोत झाली. शहराखाली मऊ चिकणमाती, वर उंच इमारती, आणि मधून भुयारी रेल्वे न्यायची. खोदताना माती भुयाराच्या दिशेने सरकली की वरच्या इमारती खचणार. टर्झागींनी सल्लागार व्हायला होकार दिला, पण जागेवर प्रयोगशाळा आणि ती चालवायला आपला माणूस हवा, ही अट घातली. तो माणूस म्हणजे राल्फ पेक. पेक मूळचा पुलांचा इंजिनिअर, माती शिकायला नुकताच हार्वर्डला आलेला. 1939 पासून भुयारातून पातळ नळ्यांत मातीचे नमुने निघू लागले. रोज त्यांची ताकद तपासायची आणि त्याच वेळी वर रस्ता किती खचला तेही मोजायचं. दोन्ही आकडे टर्झागींकडे जायचे आणि खोदण्याची पद्धत त्यानुसार बदलायची.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मातीचा नमुना काढतानाच ती थोडी बिघडते. जमिनीत दाबाखाली असलेली चिकणमाती बाहेर काढली, हाताळली, की तिची घडी विस्कटते. काही माती तर मळली की नुसती लापशी होते. म्हणून लॅबचा आकडा म्हणजे जमिनीचा आकडा नव्हे, हे टर्झागींना चांगलं ठाऊक होतं. ज्यांनी या विषयाला गणित दिलं तेच उतारवयात नुसत्या गणितावर विसंबणाऱ्यांवर सगळ्यात जास्त चिडायचे. 1943 मध्ये त्यांचं सिद्धांताचं पुस्तक आलं. पाया मातीत घुसायच्या आधी किती वजन झेलेल, ते माझ्या रिपोर्टमधलं सूत्र त्यातलंच. मग 1948 मध्ये पेकबरोबरचं प्रत्यक्ष कामावरचं पुस्तक आलं. दुसरं जास्त वाचलं गेलं, यात नवल नाही.

सत्तरी ओलांडल्यावरही ते धरणांवर फिरत होते. इजिप्तच्या अस्वान धरणाच्या सल्लागार मंडळाचे ते अध्यक्ष होते. रशियन अभियंत्यांशी पटलं नाही तेव्हा 1959 मध्ये राजीनामा दिला. कॅनडात ब्रिटिश कोलंबियामधलं मिशन धरण मात्र त्यांनी तडीस नेलं. तिथे नदीच्या तळाशी दबणारी चिकणमाती आणि पाणी गळू देणारी वाळू-खडी असे दोन्ही वैरी एकत्र होते. वाळू-खडीत सिमेंट आणि मातीचं मिश्रण दाबून भरलं, धरणाच्या पुढच्या बाजूला चिकणमातीचा जाड थर दिला आणि जमीन दबताना त्या थराला तडे जातील म्हणून त्यावर प्लास्टिकचा कागद अंथरला. जमीन दबणारच हे गृहीत धरून बांधलेलं धरण. 25 ऑक्टोबर 1963 रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या विंचेस्टरला टर्झागी वारले. त्या धरणावरचा त्यांचा शेवटचा लेख त्यानंतर छापून आला आणि 1965 मध्ये धरणाला त्यांचं नाव दिलं गेलं.

आमच्या रिपोर्टचं सांगायचं राहिलं. फ्री स्वेल चाचणी टर्झागींची नाही, पण काळ्या मातीसाठी ती सगळ्यात बोलकी. 10 ग्रॅम बारीक चाळलेली माती एका नळीत पाण्यात, तेवढीच दुसऱ्या नळीत रॉकेलमध्ये, आणि एक दिवस तसंच ठेवायचं. रॉकेलमधली फुगत नाही. पाण्यातली किती फुगली ते बघायचं. लॅबमधल्या माणसाने मला दोन्ही नळ्यांचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला होता. मी तो बाबांना दाखवला. पाण्यातली माती रॉकेलमधलीपेक्षा जवळजवळ दुप्पट वर चढली होती. ते बराच वेळ फोटो झूम करून बघत राहिले, मग उठून मागच्या भिंतीकडे गेले. वरचा मजला या वर्षी नाही. पाया किती खोल न्यायचा याचं मिस्त्रीशी नव्याने बोलणं चालू आहे, आणि आता रिपोर्टची झेरॉक्स मिस्त्रीच्या खिशात असते.